मदत हवी आहे: दम्याच्या रुग्णाच्या खोलीसाठी दोन लहान एअर प्युरिफायरपैकी कोणता घ्यावा?

नमस्कार,

आम्ही चेंबूरमध्ये दुसऱ्या मजल्यावर राहतो आणि सध्या इमारतीच्या दोन्ही बाजूंना पुनर्विकासाची कामे सुरू आहेत. दोन्ही ठिकाणी पत्र्याचे उंच कुंपण आणि हिरवे कापड लावलेले आहे, पाणीही मारले जाते, तरीही सकाळी पुसलेल्या खिडकीच्या कठड्यावर दुपारपर्यंत बोटाने नाव लिहिता येईल इतकी धूळ साचते. माझ्या सासूबाईंना जुना दमा आहे. पावसाळा सरला की समुद्रावरून येणारे वारे मंदावतात, रात्री गार हवेचा थर जमिनीलगत अडकून राहतो आणि त्या दिवसांत पहाटे त्यांचा त्रास हमखास वाढतो. इनहेलर नियमित चालू ठेवायचा आणि शक्य असल्यास केवळ त्यांच्या झोपण्याच्या खोलीपुरता एअर प्युरिफायर बसवायचा, असे डॉक्टरांनी सुचवले आहे. कोणता घ्यावा हे मात्र त्यांनी आमच्यावर सोडले आहे.

खोली दहा बाय बाराची असून छत नऊ फुटांवर आहे, म्हणजे खोलीचे घनफळ १०८० घनफूट, साधारण ३० घनमीटर भरते. एक सरकती खिडकी, एक स्प्लिट एसी आणि दिवाणखान्यात उघडणारे एक दार, एवढीच हवेची वाट आहे. मोठे यंत्र ठेवायला जागा नाही आणि खर्चाची मर्यादा दहा हजारांच्या आसपास असल्यामुळे शोधाशोध करून मी दोन यंत्रांपर्यंत आले आहे: फिलिप्सचे ८०० मालिकेतील एसी०८२० आणि लेव्हॉइटचे कोअर ३००.

पहिल्याची शुद्ध हवा देण्याची क्षमता, म्हणजे ज्याला सीएडीआर म्हणतात ती, ताशी १९० घनमीटर आहे. त्यात हवेतील कण मोजणारा सेन्सर आहे, हवेच्या दर्जानुसार रंग बदलणारे दिव्याचे कडे आहे आणि यंत्र स्वतःच वेग कमीजास्त करते. फिल्टर वर्षभर चालतो असे कंपनी म्हणते. दुसऱ्याची क्षमता ताशी सुमारे २४० घनमीटर आहे आणि त्याच्या फिल्टरमध्ये सक्रिय कोळशाचा थरही आहे. पण त्याला सेन्सर नाही, वेग हाताने ठरवावा लागतो आणि फिल्टर सहा ते आठ महिन्यांनी बदलावा लागतो.

माझा गोंधळ असा, की ज्याची क्षमता कमी आहे त्या पहिल्या यंत्राच्या माहितीत ते ४९ चौरस मीटरपर्यंतच्या, म्हणजे सव्वापाचशे चौरस फुटांच्या जागेला पुरते असे लिहिले आहे, आणि ज्याची क्षमता जास्त आहे ते दुसरे मात्र २१९ चौरस फुटांनाच योग्य ठरवले आहे. हे उलटे कसे? शिवाय पहिले यंत्र ०.००३ मायक्रॉनपर्यंतचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) कण अडवते असा दावा आहे, तर दुसऱ्याच्या वर्णनात ०.३ मायक्रॉनचा आकडा येतो. मग पहिल्याचा फिल्टर शंभर पटींनी बारीक समजायचा का? चेंबूरच्या लोकांना रिफायनरी आणि खत कारखान्याच्या बाजूने येणारा वास नवा नाही, त्यामुळे कोळशाच्या थराचा खरोखर किती उपयोग होईल, हेही जाणून घ्यायचे आहे. दुकानदाराने याच किमतीत आयनायझर असलेले तिसरेच एक यंत्र पुढे केले आणि त्याला फिल्टरचा खर्च नाही असे सांगितले. ज्यांनी मुंबईच्या दमट हवेत अशी यंत्रे वापरली आहेत किंवा ज्यांना या विषयाची तांत्रिक माहिती आहे, त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १

आपण खोलीचे घनफळ काढून ठेवले आहे, त्यामुळे उत्तर देणे सोपे झाले. जाहिरातीतील चौरस फुटांच्या आकड्याकडे पूर्ण दुर्लक्ष करावे, कारण प्रत्येक कंपनी तो आपापल्या मापाने काढते. तासाभरात खोलीतली सगळी हवा किती वेळा गाळली जाणार हे गृहीत धरल्याशिवाय तो आकडा निघतच नाही, आणि ते गृहीतक खोक्यावर छापलेले नसते. २१९ चौरस फुटांची खोली आठ फूट उंच धरली तर ताशी २४० घनमीटरच्या हिशेबाने तिथली हवा तासात जवळजवळ पाच वेळा गाळली जाते. हेच गणित ४९ चौरस मीटर आणि ताशी १९० घनमीटर यांना लावले तर उत्तर तासाला दीडच्या आसपास येते. म्हणजे दुसऱ्या कंपनीने कडक माप वापरले आहे आणि पहिलीने सैल. यात खोटे कोणीच बोललेले नाही, पण ग्राहकाची दिशाभूल व्हायची ती होतेच. आपल्या ३० घनमीटरच्या खोलीत पहिले यंत्र तासाला सहा वेळा आणि दुसरे आठ वेळा हवा गाळेल. दम्याच्या रुग्णासाठी तासाला पाचच्या वर आकडा असावा असे मी धरतो, तेव्हा कागदावर दोन्ही यंत्रे उत्तीर्ण आहेत.

खरी अडचण याच्या पुढची आहे. छापलेली क्षमता ही सर्वांत जास्त वेगावर मोजलेली असते आणि त्या वेगावर दोन्ही यंत्रांचा आवाज असा असतो की शेजारी माणूस झोपू शकत नाही. कोअर ३०० झोपेच्या वेगावर २४ डेसिबल इतकाच आवाज करते असे कंपनी सांगते, आणि ते शांत आहेच. पण त्या वेगावर ते किती हवा गाळते हा आकडा त्याच ओळीत शेजारी कधी दिलेला नसतो. समजा मधल्या वेगावर क्षमता निम्म्यावर आली, तर पहिले तासाला तीन वेळा आणि दुसरे चार वेळा हवा गाळेल. म्हणून रात्रीच्या वापरासाठी क्षमता मुद्दाम गरजेपेक्षा जास्त घ्यावी, म्हणजे यंत्र हळू चालवूनही काम भागते. या एका कारणासाठी माझे मत दुसऱ्या यंत्राला आहे.

०.००३ आणि ०.३ मायक्रॉनच्या तुलनेने फसू नये. फिल्टर म्हणजे पिठाची चाळणी नव्हे. मोठे कण तंतूंवर आदळून अडकतात आणि अतिसूक्ष्म कण हवेच्या रेणूंचे धक्के खात इतके वेडेवाकडे फिरतात की तेही तंतूंना चिकटतात. या दोहोंच्या मधले, ०.३ मायक्रॉनच्या आसपासचे कण निसटायला सर्वांत सोपे असतात. म्हणून कसोटी तिथेच घेतली जाते, आणि त्याहून लहान आकडा छापणे हे अधिक अवघड काम केल्याचे लक्षण नाही.

कोळशाच्या थराबद्दल: एवढ्या लहान यंत्रातला थर पातळ असतो. फोडणीचा किंवा रंगाचा किरकोळ वास तो काही आठवडे कमी करील, पण कारखान्याकडून रात्रभर येणाऱ्या वायूंपुढे त्याचा टिकाव लागणार नाही. वासासाठी म्हणून जास्त पैसे मोजू नयेत.

दुकानदाराचे आयनायझरचे यंत्र अजिबात घेऊ नये. आयनायझर कणांना विद्युतभार देतो, त्यामुळे ते भिंतींवर आणि अंथरुणावर जाऊन बसतात, आणि या प्रक्रियेत थोडाफार ओझोन तयार होऊ शकतो. ओझोन श्वासनलिकेला चुरचुरवतो. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्याने घरगुती यंत्रांसाठी ओझोनची मर्यादा दहा लाख भागांत ०.०५ भाग अशी ठरवली आहे ती याच कारणासाठी. दमेकऱ्याच्या उशाशी असले यंत्र ठेवण्यापेक्षा काहीच न ठेवलेले बरे.

प्रतिसाद २

वरील प्रतिसादातील गणित मान्य करूनही मी पहिल्या यंत्राच्या बाजूने बोलेन, कारण ते वापरणार आहेत एक वयस्कर बाई. बटण एकदा दाबले की पुढे काही करावे लागू नये, ही सोय त्या वयात लहान नाही. ज्या यंत्राचा वेग हाताने बदलावा लागतो ते आवाज होतो म्हणून रात्री बंद केले जाते आणि सकाळी सुरू करायचे राहून जाते, असे मी एकापेक्षा जास्त घरांत पाहिले आहे. वर्षाकाठी एकच फिल्टर लागणार असेल तर तोही खर्च निम्म्यावर येतो.

मात्र सेन्सरवर आंधळा विश्वास ठेवू नये. हे सेन्सर प्रकाशकिरणांनी कण मोजतात, आणि पावसाळ्यात हवा फार दमट झाली की फुगलेले कण आणि पाण्याचे तुषारही त्यांना धूळच वाटतात. दुसरे म्हणजे सेन्सर यंत्रातच बसवलेला असल्यामुळे तो यंत्राजवळची, आधीच गाळलेली हवा मोजतो आणि पलंगाकडची हवा अजून खराब असतानाच वेग कमी करून टाकतो. बाहेरच्या हवेसाठी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे समीर अ‍ॅप पाहावे, पण त्यातला आकडा हवेच्या गुणवत्ता निर्देशांकाचा (एक्यूआय) असतो आणि घरातल्या स्वतंत्र मीटरवर बहुधा घनमीटरमागे मायक्रोग्रॅम दिसतात, हे लक्षात ठेवावे. आपल्या देशात पीएम २.५ ची, म्हणजे अडीच मायक्रॉन किंवा त्याहून लहान कणांची, चोवीस तासांची मर्यादा ६० मायक्रोग्रॅम आहे आणि निर्देशांकात तिचे रूपांतर १०० असे होते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सुचवलेली मर्यादा त्याच चोवीस तासांसाठी १५ आहे.

आणखी एक गोष्ट यंत्राच्या किमतीत येत नाही म्हणून राहून जाते. बांधकामाच्या धुळीतला मोठा भाग जाड कणांचा असतो. तो यंत्रापर्यंत पोहोचण्याआधीच फरशीवर, पंख्याच्या पात्यांवर आणि पडद्यांवर बसतो. त्याला ओले फडकेच लागते, आणि कोरडा झाडू मारला तर तीच धूळ पुन्हा नाकाशी येते. देवघर त्याच खोलीत असेल तर उदबत्ती आणि धूप, आणि कुठेही असली तरी डासांची कॉइल, हे आधी बंद करावे. कोणतेही लहान यंत्र जळत्या कॉइलशी बरोबरी करू शकत नाही.

धागाकर्तीचा प्रतिसाद

दोघांचेही मनापासून आभार. चौरस फुटांचा उलगडा झाल्यामुळे मोठा गोंधळ दूर झाला आणि आयनायझरचा विचार सोडून दिला आहे. देवघर दिवाणखान्यात आहे, पण खोलीचे दार दिवसभर उघडे असते, हे माझ्या आता लक्षात आले. उदबत्तीच्या वेळेपुरते तरी ते लावून घेण्यास सासूबाई राजी झाल्या आहेत. वेग बदलण्याची अडचण त्यांना नाही, कारण रात्री त्या खोलीत माझी मुलगीही झोपते, म्हणून मी दुसऱ्या यंत्राकडे झुकले आहे. घेण्यापूर्वी ते मधल्या वेगावर चालवून ऐकायला मिळावे अशी विनंती दुकानात करणार आहे.

एक शंका उरते. खिडकी आणि दार लावून एसी चालवला तर दोन माणसांच्या खोलीत सकाळपर्यंत हवा कोंदटते, आणि प्युरिफायर कार्बन डायऑक्साइड काढत नाही हे मी वाचले आहे. मग खिडकी उघडायची तरी केव्हा?

प्रतिसाद १ चे लेखक

बरोबर वाचले आहे, आणि स्प्लिट एसीही बाहेरची हवा आत घेत नाही, आतलीच फिरवतो. एरवी मी दुपारी बारा ते चार ही वेळ सुचवली असती, कारण तेव्हा जमीन तापल्यामुळे हवा वर उचलली जाते आणि प्रदूषण विरळ होते. पण आपल्याकडे नेमके त्याच वेळी बांधकाम जोरात असणार. मजुरांच्या जेवणाच्या सुट्टीत पंधरा-वीस मिनिटे खिडकी उघडावी, आणि रविवारी काम बंद असेल तर जास्त वेळ. रात्री खिडकी लावून दार दोन बोटे किलकिले ठेवावे. तेवढ्याने दिवाणखान्यातली जी धूळ आत येईल ती आठ वेळांच्या क्षमतेच्या यंत्राला सहज झेपते. यंत्र पलंगापासून हातभर अंतरावर, भिंतीपासून सुटे ठेवावे, कारण कोअर ३०० सर्व बाजूंनी हवा खेचते. बाहेरची जाळी दर पंधरवड्याने व्हॅक्यूमने किंवा मऊ ब्रशने साफ करावी, मात्र आतला फिल्टर पाण्याने धुऊ नये. विजेची काळजी नको. पूर्ण वेगावर ४५ वॅट धरले तरी चोवीस तासांत एका युनिटच्या थोडेच वर जाते.