समुद्र मोजायला एकच राष्ट्रीय यंत्रणा हवी का? आणि आपल्या खान्देशाला त्याचं काय?

गिरणाकाठ: मंडळी, आपल्याकडून समुद्र लांब, मान्य, पण पाऊस तिकडूनच येतो ना. आज काय आहे की हैदराबादची समुद्राची माहिती देणारी सरकारी संस्था इन्कॉइस त्सुनामीचे नि मासेमारीचे इशारे देते, चेन्नईची एनआयओटी समुद्रात बोये, म्हणजे तरंगती मोजमाप यंत्रं, सोडते, गोव्याची एनआयओ संशोधन करते, हवामान खातं वादळं बघतं आणि बंदरांचं भरती-ओहोटीचं मोजमाप अजून तिसरीकडे. अमेरिकेने २००९ मध्ये समुद्र मोजण्यासाठी कायदाच केला, ११ प्रादेशिक संघटना, त्यात विद्यापीठं, बंदरं, मच्छीमार सगळे, आणि डेटा लोकांना खुला. माझं म्हणणं, आपल्याकडेही किनारा आणि समुद्र मोजायची एक कायद्याने बांधलेली यंत्रणा पाहिजे, आणि तिच्यासाठी खान्देशातल्या खासदारांनीसुद्धा बोललं पाहिजे. बोला.

केळीवाला_रावेर: भो, तुमचा समुद्र राहू द्या, आमच्या महसूल मंडळाचं हवामान केंद्र आधी नीट करा. मे महिन्यात वाऱ्याने बाग आडवी झाली, घडासकट, आणि केंद्रात वाऱ्याचा वेग विम्याच्या अटीइतका भरलाच नाही म्हणून विमा नाही. केंद्र तिकडे, बाग इकडे, मध्ये नदी. हवामानावरचा फळपीक विमा सगळा त्या एका डब्यावर चालतो. आधी गावागावात पर्जन्यमापक बसवा, मग अरबी समुद्रात काय सोडायचं ते सोडा.

साक्रीवाला: एकदम बरोबर. आमना वावरमा पानीना पत्ता नई आनि ह्या समुद्रमा डब्बा टाकी ऱ्हायनात 😀

गिरणाकाठ: रावेरवाले दादा, तुमचं दुखणं खरं आहे, पण गावातला पर्जन्यमापक पडलेला पाऊस मोजतो, पडणारा नाही. समुद्राच्या वरच्या तीनेक मीटर पाण्यात जेवढी उष्णता मावते तेवढीच अख्ख्या वातावरणात मावते. ती कुठे साचली हे कळल्याशिवाय पुढच्या तीन-चार आठवड्यांचं काही सांगता येत नाही. हवामान खातं दर गुरुवारी चार आठवड्यांचा अंदाज काढतं, त्या मॉडेलला समुद्राची सुरुवातीची स्थिती इन्कॉइसकडूनच जाते. पेरणी आत्ता करू का आठ दिवस थांबू, हा प्रश्न तिथेच सुटतो, दुबार पेरणीचं बियाणं काय भावाने पडतं ते मी सांगायची गरज नाही.

धुळेकर_मास्तर: एक शंका. उपग्रह आहेत की एवढे, ओशनसॅट आहे, मग पाण्यात यंत्रं कशाला? आणि दुसरं, एल निनो एल निनो (प्रशांत महासागर तापला की आपला पाऊस कमी होतो, तो प्रकार) करून दरवर्षी घाबरवतात, १९९७ ला केवढा मोठा एल निनो होता आणि देशात पाऊस सरासरीइतका झाला. मग एवढं मोजून काय मिळवलं?

नंदुरबारची_लेक: मास्तर, उपग्रहाला समुद्राची फक्त कातडी दिसते. वादळाला ताकद मिळते ती खालच्या पन्नास-शंभर मीटरपर्यंतच्या गरम पाण्याने, ते आत उतरूनच मोजावं लागतं. त्यासाठी आर्गो फ्लोट आहेत, जगभरात चारेक हजार, हजार मीटर खोलीवर वाहत राहतात, दर दहा दिवसांनी दोन हजार मीटरपर्यंत बुडी मारून वर येताना तापमान आणि क्षारता मोजतात नि उपग्रहाला पाठवून पुन्हा खाली जातात, आणि तो डेटा कुणालाही फुकट. (मी याच्या जवळपासचंच शिकते, म्हणून जरा लांबण लागली.) आणि १९९७ चं उदाहरण तुमच्याच विरोधात जातं. त्या वर्षी हिंदी महासागराचा पश्चिम भाग तापलेला नि पूर्व भाग थंड होता, त्याने एल निनोचा परिणाम बराच मारला. पण या प्रकाराला इंडियन ओशन डायपोल हे नाव मिळालं १९९९ मध्ये, साजी, गोस्वामी, यामागाता वगैरेंच्या पेपरनंतर. २०१९ ला तोच डायपोल जबरदस्त होता, ऑक्टोबर संपला तरी पाऊस हटेना, वर क्यार आणि महा ही दोन वादळं पाठोपाठ, आपल्याकडे कापसाची बोंडं काळी पडली ते विसरलात का?

धुळेकर_मास्तर: विसरलो नाही ताई. पण कळून तरी काय केलं असतं? फुटलेला कापूस वेचायला मजूर कुठे होते.

केळीवाला_रावेर: हेच म्हणतोय मी! आणि तो गुरुवारचा अंदाज बघितलाय मी. आपले जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्ही जिल्हे त्यांच्या हिशेबात मध्य महाराष्ट्र, त्यात कोल्हापूर पण आलं आणि सोलापूर पण. मध्य महाराष्ट्रात सरासरीपेक्षा जास्त, म्हणजे राधानगरीला धो धो आणि यावल-चोपड्यात धूळ. असल्या अंदाजावर मी ट्रॅक्टर काढू?

उधना_ते_अमळनेर: सुरतेतून लिहितोय. २००६ च्या ऑगस्टमध्ये तापीवरच्या उकाई धरणातून पाणी सोडलं नि सुरतचा बहुतेक भाग बुडाला, आपली किती माणसं उधना-लिंबायतला राहतात सगळ्यांना माहीत आहे. तिकडे वर तापीवरच्याच हतनूर धरणाचे दरवाजे उघडले की ते पाणी शेवटी इथेच येतं, आणि समोर भरती असली की तापी समुद्रात लवकर रिकामी होत नाही. भरतीचा खरा आकडा आणि धरणाचा आकडा एकाच टेबलावर असावेत, मी या यंत्रणेच्या बाजूचा. पण नवीन प्राधिकरण, नवीन इमारत, नवीन अध्यक्ष, लाल दिवा, हे नको. आहे त्यांनाच कायद्याने एकत्र बसवा.

साक्रीवाला: लाल दिवा बंद झाला भाऊ २०१७ ला 😀 बाकी पटलं.

नंदुरबारची_लेक: खरी अडचण उभारण्यात नसते, नंतर असते. प्रशांत महासागरात अमेरिकेने एल निनोसाठी बोयांची रांग उभी केली, १९९४ ला पूर्ण झाली, जगाने वाहवा केली. पुढे २०१२ ला देखभालीचं जहाज बंद केलं आणि दोनेक वर्षांत डेटा जवळपास चाळीस टक्क्यांवर आला. आपल्याकडचे बोये तर मच्छीमारांच्या जाळ्यांनी नि चोरीनेही खराब होतात, बोयाखाली मासे जमतात म्हणून लोक होड्या तिथेच बांधतात. त्यामुळे मला कायदा हवा तो दरवर्षी दुरुस्तीचा पैसा बांधून ठेवणारा, उद्घाटनाचा नाही.

गिरणाकाठ: हेच माझं. आणि रावेरवाले दादा, तुमचा मुद्दा मी सोडत नाही, अंदाज जिल्हानिहाय आला पाहिजे, पण तो नीट यायला आधी समुद्राचा डेटा भरपूर लागतो, मग गावातले पर्जन्यमापक. दोन्ही लागतील.

केळीवाला_रावेर: दोन्ही लागतील हे खरं, पण पैसा कधी दोन्हीकडे येत नाही, येतो तो जिकडे फोटो चांगला निघतो तिकडे, आणि जहाजाचा फोटो पर्जन्यमापकापेक्षा भारी येतो. तुमच्या कायद्यात प्रत्येक बोयामागे अमुक इतकी गावातली केंद्रं असं लिहून घ्या, खासदाराकडे सह्या घ्यायला मी स्वतः येतो. नाहीतर आपला विरोधच.