सेमिनरीच्या ऑफिसात काम करताना मुलांनी विश्वासाने सांगितलेल्या गोष्टींचं काय करायचं? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, मी एका कॅथलिक सेमिनरीच्या ऑफिसात आहे. ॲडमिशनचे कागद, मार्कशीट, फीच्या पावत्या, बिशप हाउसशी पत्रव्यवहार, सगळं माझ्याकडेच. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, धर्मगुरू व्हायला निघालेली मुलं इथे राहून शिकतात, फिलॉसॉफी आणि थिऑलॉजी मिळून कमीत कमी सहा वर्षं तरी जातात. आम्ही त्यांना ब्रदर म्हणतो.

इथे ऑफिस वेगळं आणि घर वेगळं असं काही नसतं, ज्याला मी सकाळी बाकी फीचं रिमाइंडर पाठवते तोच संध्याकाळी चॅपेलमध्ये माझ्या पुढच्या बाकावर असतो. जेवणं एकत्र, सण एकत्र. मला ते मनापासून आवडतं, त्यामुळे कृपया नोकरी बदला असं सांगू नका.

अडचण अशी आहे की एक ब्रदर बोनाफाइड न्यायला येतो आणि सही-शिक्का झाला तरी हलत नाही, कागदाची घडी घालतो परत उघडतो, बाकीचे गेले की मग बोलायला लागतो. आपण या वाटेवर राहावं का हेच त्याला कळत नाहीये, घरी सांगायची हिंमत होत नाही. लवकरच त्याची डिकनची दीक्षा आहे, म्हणजे धर्मगुरू होण्याआधीची पायरी. स्पिरिच्युअल डायरेक्टर फादरांशी (मुलांना आध्यात्मिक मार्गदर्शन करणारे) बोललोय म्हणतो पण फॉर्मेटर टीमला, म्हणजे मुलांच्या जडणघडणीवर लक्ष ठेवणाऱ्यांना, काही सांगितलेलं नाही.

आता वार्षिक इव्हॅल्युएशन आलंय आणि रेक्टर फादरांनी (सेमिनरीचे प्रमुख) मला सहज विचारलं की तुम्ही रोज बघता त्याला, तुमचं मत काय? फादर खरंच चांगले आहेत, त्यांच्या विचारण्यात काही वाईट नाही. मी विचार करून सांगते म्हटलंय आणि तेव्हापासून जिवाला घोर लागलाय.

चर्चच्या 1983 च्या कायद्यात, कॅनन 240 मध्ये स्पष्ट आहे की कोणाला दीक्षा द्यायची किंवा कोणाला काढायचं हे ठरवताना स्पिरिच्युअल डायरेक्टर आणि कन्फेसर (कन्फेशन म्हणजे पापांची कबुली ऐकणारे फादर) यांचं मत कधीच विचारायचं नाही. म्हणूनच त्यांचा कागद कुठल्या फाइलला लागत नाही. पण मी तर यातली कोणीच नाही, मला कन्फेशनचं बंधन नाही आणि मी फॉर्मेटरही नाही. मग गप्प बसले तर संस्थेशी प्रामाणिक नाही आणि बोलले तर त्या मुलाशी नाही, असं झालंय.

अजून एक, सायकॉलॉजिस्टचे रिपोर्ट मार्कशीटच्याच कपाटात आहेत आणि किल्ली माझ्याकडे. कोणी प्रोफेसर आले आणि अमक्याची फाइल द्या म्हणाले की अख्खी फाइल जाते. हे बरोबर आहे का? जाणकारांनी प्लीज सांगा.

प्रतिसाद

ताई, मी दुसऱ्या एका सेमिनरीत रजिस्ट्रार होतो, मला जे कळतं ते सांगतो. तुमच्या कामातून जे दिसलं ते सांगायला हरकत नाही, म्हणजे वेळ पाळतो का, वॉचमनशी आणि स्वयंपाकघरातल्या लोकांशी कसा बोलतो, पैशाच्या व्यवहारात सरळ आहे का. खरं तर हे तुमच्याइतकं कोणालाच दिसत नाही, फादरांसमोर सगळीच मुलं नीट वागतात. पण त्याने मन मोकळं केलं ते तुमचं नाही, ते त्याचं आहे. त्याच कायद्यातला कॅनन 220 वाचा, कोणाच्याही नावाला धक्का लावायचा नाही आणि कोणाच्या खाजगीपणावर घाला घालायचा नाही असं आहे, आणि हे फक्त फादर लोकांना नाही, सगळ्यांना लागू आहे. रेक्टरना सरळ सांगा की ऑफिसात जे बघते ते सांगेन, बाकीचं त्यालाच विचारा. मात्र कोणा लहान मुलाला किंवा दुसऱ्या कोणालाही धोका आहे असं काही कानावर आलं तर तिथे गुप्तता नाही, ताबडतोब कळवायचं, आणि हे मुलांना आधीच सांगून ठेवायचं.

रिपोर्टचं म्हणाल तर ते आजच वेगळे करा. 2008 मध्ये रोमहून सायकॉलॉजीच्या वापराबद्दल मार्गदर्शन आलं त्यात उमेदवाराची आधी घेतलेली, समजून-उमजून आणि मोकळेपणाने दिलेली संमती लागते असं आहे. ज्यांच्यासाठी त्याने संमती दिली तेवढ्यांनीच बघायचं, शिकवणाऱ्या प्रोफेसरांना त्याची गरज काय? बंद पाकीट, वेगळं कपाट, किल्ली रेक्टरांकडे, आणि फाइल कोणी नेली कधी परत आली त्याची वही. हे सगळं रेक्टरांकडून लेखी घ्या, नाहीतर उद्या नाही म्हणायची वेळ तुमच्यावर येईल.

दुसरा प्रतिसाद

मी डिकन व्हायच्या आधी सेमिनरी सोडली. त्याला एवढंच सांगा की सोडणं म्हणजे नापास होणं नाही. आणि दीक्षेआधी त्याने स्वतः रेक्टरना सांगणं फार गरजेचं आहे, कारण दीक्षा स्वतःच्या मोकळ्या इच्छेने घ्यायची असते, मनात एवढा गोंधळ असताना पुढे ढकलता येते. मी सांगितल्यावर माझे रेक्टर रागावले नव्हते, उलट थांब म्हणाले.

धागाकर्ती

दोघांचे खूप आभार, वही आणि वेगळं कपाट याबद्दल उद्याच बोलते. रेक्टरांना काय सांगायचं तेही कळलं. पण ब्रदरला मी स्वतःहून बोलवून सांगू का की फादरांनी विचारलंय, का तो परत आला की मगच? बोलावलं तर घाबरेल आणि नाही बोलावलं तर इव्हॅल्युएशन होऊन जाईल. कोणी अशा वेळी काय केलंय ते सांगा ना.