पिंपाच्या तळाला काळा गाळ बसतोय: मँगनीजची तपासणी सोलापुरात कुठे होईल? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आम्ही जुळे सोलापुरात राहतो. पाणी काही दिवसांआड येतं, त्यामुळे टाकी, पिंपं, घागरी सगळं भरून ठेवावं लागतं. दोन महिन्यांपासून पिंपाच्या तळाला काजळीसारखा गाळ बसतोय. हाताला बुळबुळीत लागतो. नळ सुटल्यावर आधी तपकिरी पाणी येतं, मग स्वच्छ. पण तेच स्वच्छ पाणी तिसऱ्या दिवशी तळाशी काळं! बाळाच्या दुपट्यांवर ठिपके पडले म्हणून ब्लीचिंग पावडर टाकली, तर ते आणखी गडद झाले. तेव्हाच मँगनीज या धातूची शंका आली.

काळजी बाळाचीच आहे. पुतणी तीन महिन्यांची, वहिनीला दूध पुरत नाही, वरचं दूध पावडरचं. आई म्हणते, "उकळून देतो की!" पण धातू उकळून जात नाही, उलट पाणी आटलं की त्याचं प्रमाण वाढतं.

आपल्याकडच्या पिण्याच्या पाण्याच्या मानकात मँगनीजची मर्यादा लिटरला ०.१ मिलिग्रॅम आहे, दुसरा स्रोत नसेल तर ०.३ पर्यंत चालतं. जागतिक आरोग्य संघटनेने मात्र २०२१ मध्ये ०.०८ हे तात्पुरतं मूल्य दिलं, तेही बाटलीने दूध पिणारी तान्ही बाळं डोळ्यांपुढे ठेवून. मग आम्ही कुठला आकडा धरायचा?

एका खासगी प्रयोगशाळेत पाणी दिलं. टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचं एकूण प्रमाण), कठीणपणा, क्लोराइड, जंतू सगळं तपासून "पाणी चांगलं आहे" म्हणाले. अहवालात मँगनीजचा रकानाच नाही! टीडीएसवरून हे कळत नाही, एवढं मला आता समजलंय.

मँगनीज कोण तपासून देईल? आणि उजनीची जलवाहिनी, टाकळीहून येणारं भीमेचं पाणी, हिप्परगा तलाव, यांतलं आमच्या भागाला कुठलं येतं?

प्रतिसाद

ताई, मी जलशुद्धीकरणाच्या कामात होतो. उन्हाळ्यात धरणाच्या तळाशी ऑक्सिजन संपतो आणि गाळातलं मँगनीज पाण्यात विरघळतं. मग हवा आणि क्लोरीन लागून ते काळं होतं, पण लोखंडापेक्षा फार सावकाश. म्हणून तुम्हाला तिसऱ्या दिवशी दिसतं. पाइपातही त्याचा थर बसतो, पाणी बंद-चालू झालं की तो सुटतो.

जिल्ह्याच्या भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या प्रयोगशाळेत विचारा. मँगनीज हवं असं अर्जात स्पष्ट लिहा, बाटली त्यांच्याकडूनच घ्या. नमुने दोन: एक नळ सुटताच, दुसरा दहा मिनिटांनी. "एकूण" आणि "विरघळलेलं" दोन्ही आकडे मागा. बाळासाठी ०.०८ धरा. तोवर तिच्या दुधाला आरओचं पाणी उकळून, कोमट करून वापरा. तुरटीने किंवा नुसत्या यूव्हीने विरघळलेलं मँगनीज जात नाही. बाळाच्या डॉक्टरांच्याही कानावर घाला.

धागाकर्ती

दादा, फार आभार. शेजारच्या काकूंकडे आरओ आहे, आजपासून बाळाचं पाणी तिथून आणते. परवा पाणी सुटेल, त्याआधी बाटल्या घेऊन येते. आणखी कुणाच्या पिंपात असा गाळ दिसत असेल तर पेठ किंवा नगर आणि पाणी सुटायचा वार इथे लिहा. एका गल्लीपेक्षा दहा गल्ल्यांचा अर्ज सोबत नेता येईल.