गावच्या तलावावर तरंगता वॉटर पार्क: परवानगी नेमकी कोणाची? मदत हवी आहे

तळ्याकाठची

नमस्कार मंडळी. भंडारा जिल्ह्यातल्या एका गावात ग्रामपंचायत सदस्य आहे. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, इथले अर्धे वाचक माझ्याच वॉर्डातले निघायचे. येत्या ग्रामसभेत एक विषय येतोय, त्याआधी जाणकारांचा सल्ला हवा आहे.

आमच्या गावाला माजी मालगुजारी तलाव आहे, म्हणजे जुन्या मालगुजारांच्या (सारा वसूल करणाऱ्या जमीनदारांच्या) काळातला. पाळीच्या एका टोकाला दगडी घाट, त्याला लागून मुरमाची रुंद पट्टी. उन्हाळ्यात पाणी उतरलं की पट्टी आणखी मोठी होते. कुणीतरी तिची रील टाकली आणि तेव्हापासून शनिवार-रविवारी नागपूरच्या गाड्या येतात. पोरं तिला "बीच" म्हणतात. म्हणोत बापडी.

आता नागपूरच्या काही मंडळींनी प्रस्ताव दिलाय. होळीपासून मृग लागेपर्यंत तलावावर हवा भरलेला तरंगता वॉटर पार्क लावायचा. घसरगुंड्या, उड्या मारायच्या गाद्या, अडथळ्यांची शर्यत, सगळं एकमेकांना जोडून पाण्यावर. ग्रामपंचायतीला हंगामाची ठोक रक्कम आणि गावातल्या पोरांना काम. ऐकायला चांगलं आहे. उन्हाळ्यात इथे पोरांच्या हाताला काम नसतं, हे मला कुणी सांगायला नको.

माझी अडचण कागदाची आहे. त्यांच्या फाइलमध्ये कोकणातल्या एका किनाऱ्यावरच्या जलक्रीडेचा परवाना आहे, फुग्यांचं परदेशी प्रमाणपत्र आहे आणि आमच्या ठरावाचा मसुदा टाइप करून तयार आहे. तारखेची जागा तेवढी कोरी. त्यात पहिलीच ओळ अशी: "सदर तलाव ग्रामपंचायतीच्या मालकीचा असून…" खाली घाट व लगतची पट्टी सकाळी दहा ते सहा "केवळ तिकीटधारकांसाठी" राखीव. बाकीच्या परवानग्या आम्ही पाहून घेतो म्हणतात.

तर विचारायचं हे: पाण्यावर हो म्हणायचा अधिकार कोणाचा? ग्रामपंचायतीने ना हरकत दिली आणि उद्या काही झालं, तर मान कोणाची सापडते? आणि घाट असा राखून देता येतो का? सकाळी बाया तिथे धुणं धुतात, गुरं पाण्यावर येतात, पोळ्याला बैल तिथेच धुतले जातात.

सांडवा

ताई, मी पाटबंधाऱ्याचा माणूस, आता घरीच असतो. सर्वात आधी "मालकीचा" हा शब्द काढा. मालगुजारी 1950 च्या कायद्याने गेली आणि हे तलाव शासनाकडे आले. साधारणपणे शंभर हेक्टरपर्यंत सिंचन असलेला तलाव जिल्हा परिषदेच्या लघु पाटबंधारे विभागाकडे असतो, त्याहून मोठा शासनाच्या विभागाकडे. तुमचा कोणाकडे आहे ते आधी विचारा, अर्ज त्यांच्याच नावाने जाईल. पाण्यावर गावाचा जो हक्क आहे तो निस्ताराचा, म्हणजे गावकऱ्यांच्या रोजच्या वापराचा. महसूल अधिनियम 1966 च्या कलम 161 खालचं निस्तारपत्रक तहसीलमधून काढून घ्या. घाट, गुरांचं पाणी, जाण्यायेण्याची वाट यांबद्दल त्यात काही नोंद असेल तर "केवळ तिकीटधारकांसाठी" हे वाक्य तिथेच पडतं.

दुसरी गोष्ट कोणी बोलत नाही म्हणून सांगतो. तुमच्याकडे उन्हाळी धान आहे का? असेल तर फेब्रुवारीपासून गेट सुटतं आणि मेमध्ये तलावात काय उरतं ते तुम्हाला माहीत आहे. ज्या महिन्यात त्यांना गर्दी हवी, त्याच महिन्यात पाणी तळाला. शाखा कार्यालयात पाणीपातळीची नोंदवही असते. मागच्या काही वर्षांची मेअखेरची पातळी मागा आणि पार्क जिथे बांधणार त्या जागी तेव्हा किती खोली राहते ते काढा. उंच घसरगुंडीवरून माणूस कमरेएवढ्या पाण्यात आला तर मान मोडते.

ढिवरटोली

माफ करा, पण एक गोष्ट इचारतो. तलावाचा मासेमारीचा ठेका कोनाकडे हाये? मच्छीमार संस्थेकडे असन तं त्यायले कोनी इचारलं का? उनाळ्यात पानी उतरलं का तेवाच आमचा खरा हंगाम. वर्षभर बोटुकली (माशाची पिल्लं) सोडून, राखन करून मासोळी मोठी करा, अन् काढाच्या टायमाले मधात फुगे! त्यायचे लंगर तळाले राह्यले तं जाळं फाटते, भरपाई कोन देते? काहून आमाले शेवटी बोलावतात, समजत नाही.

तळ्याकाठची

भाऊ, ठेका संस्थेकडेच आहे, पाच वर्षांचा. आणि खरं आहे, प्रस्तावात संस्थेचा उल्लेख एका शब्दाने नाही. सांडवाकाका, उन्हाळी धान आहे. पातळीचं उद्याच विचारते.

मालवणी होडी

मी तारकर्लीकडचा, जलक्रीडेच्या धंद्यात आहे. तो किनाऱ्यावरचा परवाना तुमच्या तलावाला लागू नाही. आमच्याकडे महाराष्ट्र सागरी मंडळ परवाना देतं, तो त्या जागेचा आणि त्या हंगामाचा. मेअखेरीस सगळं पाण्याबाहेर काढावं लागतं. सीआरझेड (समुद्रकिनाऱ्याचे नियम) वगैरे तुम्हाला नाहीच. पण 2021 चा अंतर्देशीय जलयान कायदा तलावालाही आहे. बांधून ठेवलेले फुगे त्यात जलयान म्हणून धरले जातील असं मला वाटत नाही, कारण त्यावरून वाहतूक होत नाही. बचावाची बोट मात्र इंजिनाची असणार. तिची नोंदणी, तपासणी, चालकाचं प्रमाणपत्र आणि विमा मागा. बोट नाही म्हणाले तर विषय तिथेच संपवा.

परदेशी प्रमाणपत्राचं बघा. या वस्तूंसाठी आयएसओ 25649 हे मानक आहे. प्रमाणपत्र त्याच फुग्यांचं आहे की कंपनीच्या दुसऱ्याच कुठल्या मालाचं, नंबर जुळवून पाहा. जुना माल विकत घेऊन फिरवणारे पुष्कळ आहेत. उन्हाने प्लास्टिक कडक होतं, शिवणीपाशी जातं. तुमच्याकडचं मेचं ऊन तर विचारूच नका.

आता धोक्याचं. लोकांना वाटतं लाइफ जॅकेट घातलं की झालं. या पार्कवर माणूस पडतो, वर येताना कधी दोन फुग्यांच्या मधून खाली सरकतो, आणि मग तेच जॅकेट त्याला खालून फुग्याला दाबून धरतं. त्याला स्वतःला बाहेर येणं जड जातं. किनाऱ्यावर खुर्ची टाकून शिट्टी वाजवणाऱ्याला हे दिसत नाही. जीवरक्षक पार्कच्या वरच उभे हवेत, प्रत्येकाला आपला तुकडा नेमून दिलेला, आणि दर फेरीला पाण्यात उतरलेली आणि बाहेर आलेली माणसं मोजायची. आम्ही मनगटाला रंगीत पट्टी बांधतो, फेरी संपली की पट्ट्या परत. एक कमी असली की सगळं थांबतं. गावची पोरं पोहणारी असतील, पण पोहणं वेगळं आणि वाचवणं वेगळं. गोव्याला राष्ट्रीय जलक्रीडा संस्था आहे, तिथे प्रशिक्षण मिळतं. खर्च कंपनीने करायचा.

वर्धेकर

नेहमीचंच. कोणी गावात चार पैसे घेऊन आला की आपण कायदे काढून बसतो. मग पोरं पुण्याला जाऊन डिलिव्हरी करतात तेव्हा रडायचं.

तळ्याकाठची

वर्धेकर दादा, पोरांसाठीच तर विचारतेय. 2021 मध्ये वरुड तालुक्यात झुंज इथे वर्धा नदीत नाव उलटली, अकरा माणसं गेली. आमच्या तलावावर दशक्रियेलाही लोक डोंग्यातून जातात. एक कागद नीट करून मागितला तर धंदा पळून जात नाही, आणि पळाला तर तो धंदा तसाच होता.

कोर्टाची पायरी

वकील आहे, नागपूर खंडपीठात. मुद्द्याचं सांगतो.

ग्रामपंचायतीला जी वस्तू आपली नाही ती भाड्याने देता येत नाही. तुमच्याकडून त्यांना ना हरकत एवढ्याचसाठी हवी की ती घेऊन पुढच्या टेबलावर "गावाची संमती आहे" म्हणता येईल. खरी संमती तलाव ज्या विभागाकडे आहे त्याची, करारासह. त्यावर सार्वजनिक करमणुकीच्या जागेचा परवाना लागतो, महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम 33 खालच्या नियमांनी. ग्रामीण भागात तो विषय जिल्हाधिकारी कार्यालयात जातो. साहसी पर्यटनाचं शासनाचं धोरण 2021 चं आहे, त्याखाली पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करायची असते. नागपूरला त्यांचं कार्यालय आहे. नोंदणी दाखवा म्हणा.

खेळ कुठे होतो ते नीट समजून घ्या. ग्रामपंचायत लिहिते "इतर विभागांच्या परवानगीस अधीन राहून". पाटबंधारे लिहितं "ग्रामपंचायत व पोलीस यांच्या परवानगीस अधीन राहून". पोलीस ठाण्याचं पत्र येतं "संबंधित विभागांच्या परवानगीस अधीन राहून". सगळी पत्रं एका फाइलला लागली की परवानगी झाली असं वाटतं, आणि एकानेही जागेवर जाऊन पाहिलेलं नसतं. म्हणून तुमच्या ठरावात "अधीन राहून" लिहू नका. "खालील परवाने मूळ प्रतीत ग्रामसभेपुढे ठेवल्यानंतरच विचार करण्यात येईल" असं लिहा. फरक मोठा आहे. पहिल्यात तुम्ही हो म्हणून मोकळे होता, दुसऱ्यात अजून काहीच म्हटलेलं नसतं.

अपघात झाला तर पहिला गुन्हा चालकावर. पण ज्याने मालकी नसताना मालकी सांगून जागा दिली आणि त्याचे पैसे घेतले, त्याला मी कोर्टात वाचवायला जाणार नाही.

सांडवा

वकीलसाहेब बरोबर. वाऱ्याचं राहिलं. एप्रिल-मेमध्ये दुपार कलली की अवकाळीचं वादळ कसं उठतं ते आपल्याकडे लहान पोरालाही माहीत आहे. हवा भरलेली वस्तू वाऱ्याला शिडासारखी धरते. बंद करायचा निर्णय मालकाच्या मर्जीवर ठेवू नका, कारण तिकिटं विकलेली असतात. नागपूरच्या हवामान केंद्राचा इशारा आला, किंवा दामिनी अॅपने वीज दाखवली, की पाणी रिकामं. हे करारातच पाहिजे, आणि बंद करा सांगायचा अधिकार गावातल्या एका माणसाला नावानिशी.

पाणीवाली बाई

पाण्याची तपासणी कोणी काढली नाही म्हणून लिहिते. उघड्यावर आंघोळीच्या पाण्यासाठी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे निकष आहेत. विष्ठाजन्य कॉलिफॉर्म (विष्ठेतून येणारे जंतू) शंभर मिलीमध्ये 500 च्या आत असावेत, 2500 ही कमाल मर्यादा. बीओडी (पाण्यातली घाण कुजताना लागणारा ऑक्सिजन) लिटरला 3 मिलिग्रॅमच्या आत. मेमध्ये पाणी आटलेलं, कोमट, वरून गुरं आणि शेकडो माणसं. नमुना मार्चमध्ये घेऊन चालणार नाही, हंगामभर घ्यावा लागेल. आणि संडास, कपडे बदलायची खोली कुठे करणार? पाळीच्या मागे म्हणाले तर त्यांना पावसाळ्यात येऊन बघायला सांगा.

तळ्याकाठची

सगळ्यांचे आभार. शाखा कार्यालयात जाऊन आले. तलाव जिल्हा परिषदेकडे आहे. साहेबांनी नोंदवही दाखवली, पेन्सिलने लिहिलेले आकडे, मेच्या पानाला चहाचा डाग. उन्हाळी धानाला पाणी सोडलं त्या वर्षांत मेअखेरीस घाटासमोर कमरेच्या वर पाणी राहत नाही. खोल भाग राहतो तो पाळीच्या मध्यावर, जिथे संस्थेची जाळी असतात. म्हणजे घाटाजवळ पार्क बसत नाही आणि जिथे बसतो तिथे मासेमारी आहे. हे मी त्या मंडळींना फोनवर सांगितलं तर म्हणाले, यंदा धानाला पाणी कमी सोडा म्हणावं. मी म्हटलं हे वाक्य तुम्ही ग्रामसभेत उभं राहून म्हणा.

संस्थेच्या अध्यक्षांशी बोलले. त्यांचा सरसकट नकार नाही. मासे काढून झाल्यावर, म्हणजे मेच्या मध्यानंतर, खोल भागाचा एक कोपरा देऊ म्हणतात, पण लंगर काढून नेल्याशिवाय अनामत परत नाही, आणि तिकिटात संस्थेचा हिस्सा हवा.

ठरावाचा मसुदा नव्याने लिहितेय. मालकीची ओळ गेली. घाट आणि पट्टी राखीव नाही, येण्याजाण्याची वाट उघडी. परवाने मूळ प्रतीत आधी, संस्थेची लेखी संमती आधी, विचार नंतर. एका हंगामापुरतं, आपोआप नूतनीकरण नाही. एकच अडलंय: अनामत किती ठेवावी, आणि ती ग्रामपंचायतीच्या खात्यात घ्यावी की जिल्हा परिषदेच्या?

कोर्टाची पायरी

जागा ज्याची, अनामत त्याच्याकडे, म्हणजे जिल्हा परिषद. तळाचे लंगर काढायला आणि घाट पूर्ववत करायला बाहेरच्या माणसाकडून काम करून घेतलं तर जो खर्च येईल, त्याचा अंदाज शाखा अभियंत्याकडून लेखी घ्या आणि तेवढी ठेवा. मनाने आकडा टाकाल तर घासाघीस होईल. संस्थेच्या जाळ्यांची अनामत वेगळी, थेट संस्थेच्या खात्यात. तिकिटातला हिस्सा जीएसटी धरून की वजा जाता, तेही लिहा. अशा तिकिटावर 18 टक्के आहे, नंतर त्यावरूनच भांडणं होतात.

ढिवरटोली

ताई, ग्रामसभा सकाळी नको ठेवजा. तेवा आमी पान्यात असतो. संध्याकाळी ठेवा, सारी टोली येते.