एफआयपी झालेल्या पिल्लाच्या उपचारांचा खर्च

पोटात पाणी झालेल्या आपल्या मांजराच्या पिल्लाला एफआयपीचे (मांजरांमधील कोरोना विषाणूमुळे होणाऱ्या एका गंभीर आजाराचे) निदान झाले असून, खर्च झेपत नसेल तर त्याला कायमची झोप द्यावी का, असे आपण विचारले आहे. तसा निर्णय घेणाऱ्या कुणालाही मी दोष देणार नाही. परंतु एकेकाळी असाध्य मानला जाणारा हा आजार जीएस-४४१५२४ या औषधाने आज बहुतांश मांजरांमध्ये बरा होतो, हे आधी लक्षात घ्यावे.

खर्चाचा अंदाज बांधताना एक बाब हमखास निसटते. औषधाची मात्रा वजनावर ठरते आणि उपचार लागू पडला की पिल्लू भराभर वाढते, त्यामुळे उपचार १२ आठवड्यांचा म्हणून पहिल्या आठवड्याच्या खर्चाला १२ ने गुणून आलेला आकडा पुढे अपुरा पडतो. दर आठवड्याला स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करून ते लिहून ठेवावे. जुन्याच मात्रेवर भागवले तर आजार उलटण्याचा धोका असतो.

रूढ उपचार ८४ दिवसांचा आहे. पोटात पाणी होणाऱ्या प्रकारात ४२ दिवसही पुरेसे ठरल्याचे २०२४ मधील एका अभ्यासात दिसले आहे, तेव्हा आपल्या पिल्लाला ते लागू होईल का, हे डॉक्टरांना जरूर विचारावे. औषध मात्र परस्पर थांबवू नये. आपली ऐपतही त्यांना निःसंकोचपणे सांगावी आणि कोणत्या तपासण्यांनी उपचारात खरोखर फरक पडेल, हे समजून घ्यावे.

औषध लागू पडत असेल तर ताप बहुधा पहिल्या काही दिवसांतच उतरतो, म्हणून पूर्ण रक्कम जमण्याची वाट न पाहता सुरुवातीच्या आठवड्यांपुरती तजवीज होताच उपचार सुरू करावेत, असे मला कळकळीने वाटते.