टवके उडण्याचं खापर पावडरवर नको

पावडर कोटिंगचे (धातूवर रंगाची पावडर फवारून भट्टीत भाजलेल्या थराचे) टवके उडाले म्हणजे पावडरच हलक्या प्रतीची, असं काही जण म्हणतात. दर वेळी तसं नसतं. खोक्यावर '२०० अंशांना १० मिनिटं' असं लिहिलेलं असतं ते धातूच्या तापमानाचं, भट्टीतल्या हवेचं नव्हे. पातळ पत्रा लगेच तापतो; १० मिमी जाडीची पट्टी त्याच्याबरोबरच बाहेर काढली तर थर वरून चकचकीत दिसतो, पण आतून कच्चाच राहतो. मग जरा ठोकर लागली की टवका.

तपासायला एमईके (मिथाइल इथाइल कीटोन) या द्रावकात (हातमोजे घालून, आगीपासून लांब) भिजवलेला बोळा घासा. चमक किंचित उतरली तर ठीक, पण थर मऊ पडून बोळ्याला रंग लागला तर भाजणी अपुरी. असा भाग वापरात जाण्याआधी पुन्हा भट्टीत घालता येतो, खरवडावा लागत नाही. टवक्याच्या मागे तेलकट डाग किंवा गंज दिसला तर मात्र दोष फॉस्फेटिंगच्या (पावडर नीट धरावी म्हणून धातूवर आधी देतात त्या रासायनिक थराच्या) आधीच्या धुण्याचा.