हिनोए-उमा: घोड्याच्या वर्षात मुलगी झाली तर?

निशिकासाईकर
आम्ही टोकियोत राहतो. मला सप्टेंबर २०२६ ची तारीख दिली आहे. काल खालच्या मजल्यावरच्या आजी माझ्या पोटाकडे बघून हळूच म्हणाल्या, "यंदा हिनोए-उमा ना?" आणि लगेच विषय बदलला. त्यांचा चेहरा डोळ्यांसमोरून हलत नाही. काय असतं हे? मुलगी झाली तर पुढे तिला कोणी बोलेल का?

जुना_दुभाषी
आधी अभिनंदन! जपानी पंचांगात वर्षांचे बारा प्राणी आणि पंचतत्त्वांची दहा रूपं यांचा तोच मेळ साठ वर्षांनी परत येतो, आपल्या साठ संवत्सरांसारखा. हिनोए म्हणजे अग्नी, उमा म्हणजे घोडा, आणि घोडाही अग्नीचाच. आगीत आग. म्हणून त्या वर्षीची मुलगी तापट, नवऱ्याच्या जिवावर उठणारी, अशी समजूत. त्यात एदोतल्या, म्हणजे जुन्या टोकियोतल्या, भाजीवाल्याच्या मुलीची, ओशिचीची गोष्ट चिकटली. आगीत घर गेलं, देवळात आसरा घेतला, तिथल्या एका मुलावर जीव जडला. तो पुन्हा भेटावा म्हणून पोरीने आग लावली आणि १६८३ मध्ये तिला जाळून मारलं. ती १६६६ ची, म्हणजे हिनोए-उमाची, असं सांगतात.
या धास्तीने काय केलं बघा: जपानमध्ये १९६५ साली सुमारे १८.२ लाख मुलं जन्मली, १९६६ ला १३.६ लाख, १९६७ ला परत १९.४ लाख.

मिरजेची_माहेरवाशीण
मूळ नक्षत्राची म्हणून माझी दोन स्थळं परत गेली होती, त्यामुळे हे वाचून पोटात कालवलं. माझ्या जपानीच्या बाई १९६६ च्याच. यंदा त्यांची कानरेकी, म्हणजे साठी. लाल बंडी घालून फोटो पाठवलाय. आणि घोडा इथे देवाचं वाहन आहे गं! देवळात नवसाच्या लाकडी पाट्या टांगतात ना, त्या 'एमा', म्हणजे चित्रातला घोडा. पूर्वी खरा घोडा अर्पण करायचे. तुझ्या लेकीसाठी मी एक टांगून येते.

निशिकासाईकर
आज आजींकडे चहाला गेले आणि विचारलंच. १९६६ मध्ये त्या बावीस वर्षांच्या होत्या, नवं लग्न. सासूबाई म्हणाल्या, हे वर्ष जाऊ दे. आजी थांबल्या. नंतर मूल झालंच नाही. सांगताना माझं मनगट घट्ट धरून होत्या, कप तसाच गार झाला. मुलगी होवो की मुलगा, इस्पितळातून आल्यावर बाळ आधी त्यांच्या मांडीवर देणार आहे.